तोंड मिट

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

आज मुद्दाम कूलर बंद ठेवलाय. चोपड्यात मे महिन्यात असं कुणी करत नाही, पण डॉक्टरांनी सोनूच्या झोपेचं रेकॉर्डिंग मागितलंय. मोबाइल उशीजवळ ठेवून बसलेय.

परवा रात्री लाइट गेली नसती तर कळलंही नसतं. मार्चपासून रात्रभर कूलर घरघरतो, त्यात दुसरं काही ऐकू येत नाही. दोनच्या सुमारास तो थांबला आणि खोलीत फक्त सोनूचं घोरणं उरलं. मग तेही मध्येच तुटलं. छाती वरखाली होत होती, पण श्वासाचा आवाज नव्हता. मी मोजत होते. सात, आठ... आणि एकदम बुडताना वर यावं तसा श्वास ओढून, मान मागे टाकून तो कुशीवर वळला. "गाढ जपेल शे पोर्‍या," आत्याबाई नेहमी म्हणतात. मलाही तसंच वाटायचं.

आज जळगावला जाऊन आलो. डॉक्टर एकेक विचारत गेले. तोंड उघडं ठेवून झोपतो? सकाळी ओठ कोरडे? उशीवर लाळ? टीव्हीचा आवाज वाढवतो? झोपेत घामाघूम होतो? सगळ्याला हो. मग त्याला म्हणाले, "मामा म्हण बरं."

सोनू म्हणाला, "बाबा."

वर्षभर आम्ही हसतोय यावर. फोनवर मामाला बाबा, नानाला दादा. मला तो लाड वाटायचा, मी मुद्दाम परत परत म्हणून घ्यायची. म आणि न म्हणताना हवा नाकातून जावी लागते, हे मला आज कळलं. त्याला ती वाटच नाही. एक्सरे बाजूने काढला, त्यात नाकामागे हवेचा काळा पट्टा दिसायला हवा होता. तिथे फुगीर सावली आणि कडेला सुतासारखी फट. एडिनॉइड म्हणजे टॉन्सिलसारख्या गाठी, त्या वाढल्यात. टाळूच्या वर, नाकाच्या मागे असतात ते, त्यामुळे तोंड उघडून बॅटरी मारली तरी दिसत नाहीत. कानाकडे जाणाऱ्या नळीचं तोंड तिथेच, म्हणून कानाच्या पडद्यामागेही पाणी साचलंय. ऐकू कमी येतंय.

ऐकू कमी येतंय आणि मी म्हणत होते, ऐकत नाही.

पण त्याहून मला ते दोन शब्द सोडत नाहीत. तोंड मिट. आखाजीला माहेरी फोटो काढताना, तोंड मिट. लग्नाच्या पंगतीत, तोंड मिट, लोक बघतात. बावळटासारखा दिसतोस, असंही म्हटलंय मी. तो लगेच मिटायचा आणि थोड्या वेळाने परत उघडायचा. मला तो हट्ट वाटायचा.

मघाशी मी नाक चिमटीत धरलं आणि तोंड मिटून मोजलं. पस्तीसला सोडून दिलं.

कुणी काही बोललंही नाही मला. बाईंनी वहीत लिहिलं, लक्ष नसतं. घरात म्हणाले, उष्णतेने होतं, सब्जा दे. यांनी तर... जाऊ दे. सर्दी, कान दुखणं, दर महिन्याचं औषध, सगळं मी एकटीनेच बघायचं आणि चुकलं तर तेही माझंच.

आत्ता वाचत होते. १८६८ साली कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर नावाच्या डॉक्टरने पहिल्यांदा हे नीट लिहून ठेवलं. त्यालाही ऐकायला कमी येणं आणि बोलण्यातला बदल, यावरूनच सुचलं होतं म्हणे. म्हणजे खूण तिथेच होती, आमच्या फोनवर रोज वाजत होती. पण ती ओळखायला कुणीतरी आधी सांगावं लागतं. मला आज सांगितलं. सोनू सहा वर्षांचा आहे. उशीर झालाय, फार नाही.

एडिनॉइड सातेक वर्षांनंतर आपोआप लहान होऊ लागतात, पण श्वास अडतोय म्हटल्यावर नुसती वाट बघायची नाही. सध्या नाकात मारायचा स्प्रे, सहा आठवडे. मग परत कान तपासणार. फरक नसेल तर ऑपरेशन. तो शब्द ऐकून माझ्या पोटात गोळा आला. सोनू काचेच्या कपाटातली कानाची प्रतिकृती बघत होता, तोंड उघडं ठेवून.

परतताना एसटीत तापीच्या पुलावर तो मांडीवर झोपला. नेहमीच्या सवयीने माझा हात त्याच्या हनुवटीखाली गेला, मिटवायला. मग तसाच काढून घेतला.

रेकॉर्डिंग सतरा मिनिटांचं झालंय. दोनदा अडला. त्याची मान घामाने ओली झालीय, कूलर लावते आता.