सप्टेंबरातला आमचा रविवार

मेलबर्नमधल्या आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबाचा पहिला बक्षीस समारंभ मी पाहिला तो २०१३ च्या सप्टेंबरात, मैदानाच्या कडेला, उघड्यावर. ट्रॉफ्या एका गाडीच्या डिकीत, पुठ्ठ्याच्या खोक्यांत होत्या. वारा इतका, की टेबलावरच्या प्रमाणपत्रांवर लाल लांबट चेंडू ठेवावे लागले होते. एका वेळी एकच चेंडू उचलायचा, खालचा कागद काढायचा, नाव पुकारायचं. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. ऑस्किकचं, म्हणजे लहान मुलांच्या फुटीच्या (या फुटबॉलला इथे फुटी म्हणतात) वर्गाचं, पदक गळ्यात घालून ती घरी येईपर्यंत गाडीत झोपून गेली. झोपेतही पदक मुठीत होतं.

मेलबर्नच्या पश्चिमेला, विंडमच्या हद्दीत आम्ही २०१२ साली घर घेतलं, तेव्हा रस्त्याच्या एका बाजूला घरं आणि दुसऱ्या बाजूला माळ होता. २०११ च्या जनगणनेत विंडमची वस्ती १ लाख ६१ हजारांच्या आसपास होती, २०२१ मध्ये ती २ लाख ९२ हजार झाली. वर्तमानपत्रात हे आकडे वाचताना मला नोंदणीच्या दिवशीची आमची रांग आठवते. आधी ती कॅन्टीनच्या खिडकीपर्यंत असायची, मग वाहनतळापर्यंत गेली, आणि एका वर्षी शेजारच्या क्रिकेटवाल्यांचं टेबलही मागून आणावं लागलं. मैदान दोघांचं एकच आहे: उन्हाळ्यात त्यांचं, हिवाळ्यात आमचं.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे संघ कुणी निवडत नाही; ज्या पेठेत जन्मलात तो तुमचा संघ. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ या तालीम-मंडळांच्या फुटबॉल संघांचे सामने बघत मोठा झालो, त्यामुळे फुटबॉल म्हणजे गोल चेंडू आणि घसा बसेपर्यंत ओरडणं एवढंच ठाऊक. इथला खेळ वेगळा. मैदान लंबवर्तुळाकार, एका संघाचे अठरा जण आत, दोन्ही टोकांना चार-चार खांब. चेंडू मधल्या दोन खांबांतून लाथेनं गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. पण तालमीचा माणूस मैदानाच्या कडेला उभा राहिला की त्याला एक गोष्ट लगेच कळते: खेळणाऱ्यांच्या मागे कोण उभं आहे. ते इथेही तसंच होतं.

दुसऱ्या वर्षी मला कुणीतरी पांढरा कोट आणि दोन झेंडे दिले आणि गोलपंच म्हणून उभं केलं. दोन झेंडे हलवले की गोल, एक हलवला की बिहाइंड, म्हणजे तो एक गुण. पण आधी मैदानातल्या पंचाकडे बघायचं, त्याचा इशारा मिळाल्याशिवाय झेंड्याला हात लावायचा नाही. खिशातल्या कार्डावर लगेच टिपून ठेवायचं, आणि प्रत्येक विश्रांतीत समोरच्या गोलपंचाच्या कार्डाशी ताळा करायचा. जुलैतल्या सकाळी बोटं इतकी गारठायची की पेन्सिल धरवत नसे. ते काम मी आजही करतो, आणि क्लबात मला जो मान आहे तो त्या कोटामुळे आहे.

समारंभाच्या सुरुवातीचे उपचार ठरलेले असतात. इथल्या मूळ लोकांना, कुलिन राष्ट्राच्या पूर्वजांना वंदन होतं, अध्यक्षांचा अहवाल होतो, प्रायोजकांचे आभार होतात. मग गटवार ट्रॉफ्या. सर्वोत्तम आणि सर्वांत सचोटीनं खेळणारा, सर्वाधिक प्रगती, प्रशिक्षकाची पसंती. सगळं छान असतं, टाळ्या मनापासून पडतात.

मी ज्यासाठी थांबतो ते शेवटी असतं. ज्यांचं कनिष्ठ गटातलं शेवटचं वर्ष संपलं, त्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींना एकेक करून पुढे बोलावतात आणि माईक हातात देतात. एक मिनिट. भाषण लिहून आणायची सक्ती नाही. बहुतेकांच्या हातात फोन असतो, त्यावर चार ओळी असतात, आणि दुसऱ्या ओळीला आवाज बदलतो. आपण किती गोल मारले हे सांगणारा मला अजून एकही भेटलेला नाही. ते गाडीतून नेणाऱ्यांबद्दल बोलतात. दर गुरुवारी सरावानंतर ‘तुला घरी सोडू का?’ असं विचारणाऱ्या टीम मॅनेजरबद्दल बोलतात. रात्रपाळी करून सकाळी थेट मैदानावर आलेल्या आणि गाडीतच डुलकी काढणाऱ्या बापाबद्दल बोलतात. एका मुलीचा गुडघा हंगामाच्या सुरुवातीलाच गेला होता. तिनं सगळे सामने पाण्याच्या बाटल्या घेऊन धावण्यात काढले, आणि माईकवर तिनं प्रत्येक मैत्रिणीला कुठल्या बाटलीतून पाणी लागतं ते सांगितलं.

एक मुलगा कायमचा लक्षात राहिला. क्लबाच्या दाराशी एक मोठी प्लास्टिकची पेटी असते. ज्यांच्या पायांना बूट लहान झाले ते त्यात टाकतात, ज्यांना हवे ते नेतात. विचारायचं नाही, पैसे नाहीत. तो माईक घेऊन बराच वेळ नुसता उभा राहिला. मग म्हणाला, ‘पहिल्या वर्षी मी पेटीतले बूट घातले. कुणाचे होते माहीत नाही. थँक यू.’ एवढंच. खाली उतरला, लेस एकमेकांत बांधलेले स्वतःचे बूट खांद्यावरून काढले आणि पेटीत ठेवून जागेवर जाऊन बसला. माझ्या शेजारी बसलेले दणकट प्रशिक्षक चष्मा पुसत होते.

२०१६ साली आमच्या पश्चिमेकडच्या बुलडॉग्स संघानं राष्ट्रीय लीगची ग्रँड फायनल, म्हणजे अंतिम सामना, जिंकली, १९५४ नंतर पहिल्यांदा. दुखापतीमुळे त्या सामन्यात खेळू न शकलेला कर्णधार बॉब मर्फी, त्याला प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजनी व्यासपीठावर बोलावलं आणि स्वतःचं पदक त्याच्या गळ्यात घातलं. अख्ख्या ऑस्ट्रेलियानं ते टीव्हीवर पाहिलं. मला मात्र ते ओळखीचं वाटलं, कारण तशीच माणसं मी आमच्या हॉलमध्ये दरवर्षी बघतो.

पुढच्याच फेब्रुवारीत बायकांची राष्ट्रीय लीग सुरू झाली. ३ फेब्रुवारी २०१७ ला कार्लटन-कॉलिंगवूडचा पहिला सामना होता. २४ हजार ५६८ माणसं आत आली आणि मग दरवाजे बंद करावे लागले. आमच्याकडे तोवर मुली मुलांच्याच संघांतून खेळायच्या आणि कपडे बदलायला पंचांची खोली वापरायच्या. त्यानंतर मुलींचा संघ उभा राहिला, मग दुसरा. लोखंडी कंटेनर जाऊन त्या जागी पॅव्हेलियन आलं, मुलींना हक्काची खोली मिळाली, दिवे आले. नव्या पॅव्हेलियनमध्ये पहिला समारंभ झाला तेव्हा भिंतींना रंगाचा वास होता. कोविडमुळे २०२० मध्ये हंगामच झाला नाही, २०२१ चा अर्ध्यात थांबला. त्या वर्षी ट्रॉफ्या घरोघरी दारात ठेवल्या, बेल वाजवली आणि रस्त्यावरूनच टाळ्या वाजवल्या.

आता हॉलमध्ये सगळे मावत नाहीत म्हणून समारंभ दोन भागांत होतो, लहान गट सकाळी आणि मोठे दुपारी. वाढलेल्या क्लबाचा अभिमान मला आहेच, पण हे विभाजन मला आवडलेलं नाही. लहान मुलांना निरोपाची मिनिटं ऐकायलाच मिळत नाहीत. आणि एक गोष्ट मी दरवर्षी मनाला लावून घेतो. आपल्या मुलाची ट्रॉफी झाली, फोटो काढला, की लोक उठतात. निरोपाची वेळ येईपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. त्यात आपली मराठी माणसंही असतात, हे लिहिताना वाईट वाटतं. २०२३ साली चतुर्थी १९ सप्टेंबरला, मंगळवारी होती. गणपतीचा कार्यक्रम आणि आमचा समारंभ एकाच रविवारी आले. मी दुपारी क्लबात थांबलो आणि संध्याकाळी आरतीला उशिरा पोचलो. दोन्हीकडे बोलणी खाल्ली. पण दोन्हीकडे जाता आलं, हे खरं आहे.

नोव्हेंबरातल्या वार्षिक सभेचं तर विचारू नका, फोन करकरून माणसं गोळा करावी लागतात. आणि हा खेळ मुळात सभेतूनच उभा राहिलेला! १० जुलै १८५८ ला टॉम विल्स या क्रिकेटपटूचं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं की हिवाळ्यात क्रिकेटपटूंनी आळसावू नये, फुटबॉलचा क्लब काढावा. १७ मे १८५९ ला विल्स, हॅमर्सली, थॉम्पसन आणि स्मिथ हे चौघं एका हॉटेलात बसले आणि दहा नियम लिहून उठले. चौघांनी बसून एवढं केलं, मग शेकडो पालकांतून चाळीस जण तासभर बसले तर काय नाही होणार?

आता आभार, आणि कुणी राहू नये म्हणून सावकाश लिहितो. कॅन्टीन चालवणाऱ्या आजी. आम्ही सॉसेज खात नाही कळल्यावर त्यांनी दुसऱ्याच शनिवारी हिरवी पट्टी गुंडाळलेला वेगळा चिमटा आणि बटाट्याच्या टिक्क्यांसाठी वेगळा तवा आणला, आणि तो चिमटा आजही दुसऱ्या कशाला लागू देत नाहीत. नोंदणीच्या वेळी प्रत्येक स्वयंसेवकाचं मुलांसोबत काम करण्याचं परवानापत्र तपासणाऱ्या सचिवबाई. पट्ट्या बांधणारे ट्रेनर. संत्र्यांच्या फोडी करून आणणारी कुटुंबं, पाळी विसरली तरी दुकानातून आणून वेळेवर हजर होणारी. भोंगा वाजवणारे वेळपाल. सामन्यांदिवशी पहाटे फाटक उघडणारे आजोबा, ज्यांची नातवंडं कधीच खेळून मोकळी झाली. शनिवारी संध्याकाळी जर्स्या घरी नेऊन धुणारी बाई. माझ्या मुलीच्या जर्सीवरचे गवताचे डाग तिनं किती वेळा काढले असतील. पंधरा-सोळा वर्षांची सीमापंच पोरं, जी मोठ्यांचं ओरडणं ऐकूनही पुढच्या आठवड्यात येतात.

गेल्या वर्षी मुलीची निरोपाची पाळी आली. मी तिसऱ्या रांगेत होतो. मी काय म्हणून बसलो होतो ते उघड आहे, पण तिनं माझं नाव घेतलं नाही. ती म्हणाली, ‘फाटक उघडणाऱ्या आजोबांना. मी लवकर यायचे तेव्हा ते मला हीटरजवळच्या खुर्चीवर बसवायचे आणि सामना सुरू होईपर्यंत बूट गरम करून द्यायचे.’ मला हे माहीतच नव्हतं. बारा वर्षं मी तिला सोडून झेंडे आणि कोट आणायला जात होतो. आजोबा मागच्या भिंतीशी उभे होते, बसायला जागा असूनही. मी उठलो आणि त्यांना माझी खुर्ची दिली.

आणि मैदानाच्या पांढऱ्या रेषा आखणारे दोघं भाऊ राहिलेच. दर शुक्रवारी संध्याकाळी, पाऊस असला तरी.