लोकर बाजारात मिळत नाही: माणदेशात घोंगडीसाठी जाणाऱ्यांना

आटपाडीच्या शनिवारच्या बाजारात लोकर शोधायला जाऊ नका. ‘मेंढ्यांचा एवढा मोठा बाजार, लोकर पोत्यांनी मिळेल’ असं मला पुण्यात लोकांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. बाजार मोठा आहे, यात वाद नाही. भल्या पहाटे टेम्पो भरभरून शेळ्या-मेंढ्या उतरतात आणि उन्हं वर यायच्या आत सौदे उरकतात. पण विकायला लोकरीचा पुंजकासुद्धा नव्हता. जिथं बघावं तिथं माडग्याळी मेंढ्या. उंच, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, बाकदार नाक, आणि लोकर जवळजवळ नाहीच. ही जात मटणासाठी पाळतात आणि तिला पैसा चांगला मिळतो. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारातही हाच प्रकार. दोन्ही बाजार बघण्यासारखे आहेत, पण सूतकताई-विणकाम करणाऱ्यांना त्यांचा काडीचा उपयोग नाही.

घोंगडीची लोकर येते दख्खनी मेंढीची. काळी, आखूड बांध्याची, पावसापाण्यात आणि दुष्काळात तगणारी मेंढी. वर्षातून दोनदा तिची लोकर कातरतात, पण एका मेंढीमागे वर्षाला किलोभरही लोकर निघत नाही. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त पडते, म्हणून कित्येक ठिकाणी कातरलेली लोकर बांधावरच टाकून देतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं. बाभळीखाली काळ्या लोकरीचा ढीग पडलेला, वर कुत्रं झोपलेलं. मी मालकाला विचारलं तर म्हणाला, ‘न्या की ताई, पैसं कशाला?’ बाजारात पायपीट करण्यापेक्षा कातरणी चालू असलेला मेंढरांचा वाडा गाठा. लोकर फुकट नाहीतर नाममात्र पैशात मिळते. तरी पैसे द्याच. लोकरीला कुणी विचारतंय एवढं कळलं, तरी पुढच्या वेळी ती बांधावर जाणार नाही.

शुद्ध दख्खनी मेंढी जवळून बघायची असेल तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं आहेत. सांगोला तालुक्यात महूदला, सातारा जिल्ह्यात दहिवडीला आणि सांगली जिल्ह्यात रांजणीला. मुख्य कार्यालय पुण्यात गोखलेनगरला. आधी विचारून जा. दहिवडीचा दिवस छान गेला, रस्ता चांगला, जेवण चांगलं, त्याबद्दल जास्त लिहीत बसत नाही.

आता मुख्य गोष्ट, दुकानातल्या घोंगडीची. वाटेतल्या एका तीर्थक्षेत्री देवळाजवळच्या दुकानात ‘अस्सल जावळाची’ म्हणून एक घोंगडी माझ्यासमोर टाकली आणि साडेचार हजार सांगितले. जावळ म्हणजे कोकराची पहिल्या कातरणीची लोकर. सगळ्यात मऊ आणि सगळ्यात महाग. घोंगडी मऊ होती हे खरं, पण त्यात जावळाचा केसही नव्हता. मी दशीचा, म्हणजे काठाला सुट्या लोंबणाऱ्या धाग्यांतला, एक धागा मागून घेतला आणि दुकानाबाहेर काडेपेटीची काडी ओढली. धागा पेटला, आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी धरला. प्लास्टिक जळाल्याचा वास आला. खरी लोकर अशी जळत नाही. ती चुरचुरते, केस जळाल्याचा वास येतो, काडी बाजूला केली की आपोआप विझते आणि मागं राहिलेली काळी राख चिमटीत भुगा होते. दुकानदार म्हणाला, ‘ताई, थोडं मिक्स असतंच, नऊशे द्या.’ साडेचार हजारांवरून एका काडीत नऊशे! याचा संताप मला अजून आहे, कारण माझ्याआधी दोन वारकरी बायका तिथूनच घोंगडी बांधून घेऊन गेल्या होत्या आणि त्यांनी काडी ओढली नव्हती.

म्हणून माझं स्पष्ट मत, यात्रेच्या गावात, देवळाच्या वाटेवर घोंगडी घेऊ नका. घ्यायचीच असेल तर धागा जाळून बघितल्याशिवाय नाही, आणि धागा द्यायला का-कू करणाऱ्याच्या दुकानात उभंही राहू नका. काडीच्या आधी डोळ्यांनीही बरंच कळतं. हातकताईचं सूत कुठे जाड, कुठे बारीक असतं, मिलचं सूत एकसारखं. हातमागाच्या घोंगडीची किनार थोडी आतबाहेर होते. नवी अस्सल घोंगडी कडक असते, कारण ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावलेली असते, आणि तिला मेंढीचा वास येतो. हातात धरल्याबरोबर मऊ लागली, कसलाच वास नाही, वर रंग गडद काळा, म्हणजे संशय घ्या. दख्खनी मेंढीचा काळा रंग उन्हात तांबूस पडतो, भट्टीतल्या रंगाचा काळेपणा वेगळा दिसतो. पानिपतला जुन्या कपड्यांच्या चिंध्यांतून सूत काढून ब्लँकेटं करायचा मोठा धंदा आहे. तो माल आपल्या जागी ठीक आहे, स्वस्त आहे, गरजूला थंडीत कामाला येतो. पण त्याला घोंगडी म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

मग जायचं कुठं? सणगर गल्लीत. घोंगडी विणणारा समाज सणगर, आणि माणदेशातल्या बऱ्याच जुन्या गावांत त्यांच्या नावाची गल्ली अजून आहे. धनगरांची लोकर, धनगर बायकांनी चरख्यावर कातलेलं सूत आणि सणगराचा माग, अशी ही साखळी. एसटीतून उतरलात की बाजारात चौकशी करत बसू नका, ‘सणगर गल्ली कुठं?’ एवढंच विचारा. गल्ली सापडेल. माग चालू असेल की नाही, हा पुढचा प्रश्न. एका गावात गल्लीभर सणगर आडनावाच्या पाट्या होत्या, पण आत किराणा, मोबाईल दुरुस्ती, एक ब्युटी पार्लर. माग विचारला तर एका आजोबांनी घराच्या माळ्याकडे बोट दाखवलं.

चालू माग मला आटपाडी ते म्हसवडच्या पट्ट्यातल्या एका वस्तीवर मिळाला. वस्तीचं नाव लिहीत नाही. घरात दोन म्हातारी माणसं आहेत, उद्या गाड्या भरून लोक दारात उभे राहिले तर त्यांचं काम थांबेल. पण वाटेबद्दल सांगायलाच हवं, कारण तुम्ही कुठल्याही वस्तीवर गेलात तरी हीच गत होणार. वडापवाला, म्हणजे शेअर जीपवाला, फाट्यावर सोडतो आणि म्हणतो, ‘हितंच आहे, दीड किलोमीटर.’ ते दीड किलोमीटर संपता संपत नाहीत. मोबाईलच्या नकाशात रस्ता होता, प्रत्यक्षात ओढ्यातला वाळूचा पट्टा, मग चढ, मग नुसतं माळरान. एक झाड नाही. कुसळं मोज्यांतून आत शिरतात. मी दुपारी बाराला निघाले आणि पोचेपर्यंत पाण्याची दुसरी बाटली संपली. परतताना पाठीवर लोकरीचं पोतं आणि तोच माळ. ऊन कलल्यावर निघाले तरी खांदे भरून आले. थंडीचे दिवस होते, तरी ही कथा. सकाळी सातला फाट्यावर उतरा, दुपारी वस्तीवरच थांबा, चारनंतर परत फिरा. शेवटचं वडाप किती वाजता हे उतरतानाच विचारून घ्या. ‘स्पेशल’ गाडी करा म्हणून आग्रह होईल आणि भाडं तोंडाला येईल ते सांगतील, तर आधी स्टँडवरच्या चहावाल्याला चालू भाव विचारा.

वस्तीवर पोचले तेव्हा खळ लावायचं काम चालू होतं. लोकर-विणकामात रस असणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा बघावं. अंगणभर लांब ताणा दोन टोकांना बांधून ताठ केलेला. चिंचोके दळून शिजवलेली पिठूळ, तपकिरी खळ घमेल्यात. मामा एका बाजूनं, मावशी दुसऱ्या बाजूनं, हातात कुंचा, आणि दोघं एका चालीनं ताण्याच्या कडेनं पुढे सरकत जातात. कुंचा एकाच दिशेनं फिरतो, नाहीतर केस उभे राहतात. चिकटलेले धागे मावशी बोटांनी सोडवत जाते, तुटलेला धागा दोन टोकं थुंकीनं ओली करून तळहातावर वळते आणि पुढे जाते. थांबायला वेळ नाही, कारण ऊन आहे तोवर ताणा वाळला पाहिजे. ‘आभाळ आलं की आमचं काम बंद, ताई,’ मामा म्हणाले. पावसाळ्यात इकडे फिरकू नका, यासाठीच.

मग कधी जायचं? दसरा ते दिवाळी. त्या सुमारास पाऊस सरलेला असतो, खळ वाळते, आणि मेंढरं अजून गावाकडे असतात. दिवाळीनंतर कळप कोकणाकडे नाहीतर कृष्णाकाठाकडे निघतात, मग माग दिसेल पण लोकर आणि कातणाऱ्या बायका दिसणार नाहीत. याच दिवसांत कोल्हापूरजवळ पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. भंडाऱ्याबरोबर तिथं लोकर उधळतात. बघायला जरूर जा, पण जुने कपडे घालून, आणि कॅमेरा पिशवीत बांधून. हळद सगळीकडे शिरते.

कच्ची लोकर आणणाऱ्यांसाठी थोडं. तिच्यात वाळू, गोखरू, कुसळं भरपूर असतात. आधी उन्हात पसरून झटका, काटे हातानं वेचा, मग कोमट पाण्यात रिठा घालून नुसती बुडवून ठेवा. चोळू नका, ढवळू नका, नाहीतर लोकर घट्ट जमून जागेवर नमदा तयार होईल. धुऊन, वेचून झाल्यावर वजन चांगलंच घटतं, म्हणून लागेल त्यापेक्षा जास्त घ्या. कातायला पेटी चरखा काढू नका. तो कापसासाठी आहे, या राठ लोकरीला त्याची चाती (सूत गुंडाळायची लोखंडी सळई) पुरत नाही. जड चकतीची टकळी उत्तम. मोठं काम असेल तर लोकरीचा बागेश्वरी चरखा शोधा. पीळ कमी ठेवा, नाहीतर सूत तारेसारखं होतं. आणि याचे स्वेटर विणायच्या फंदात पडू नका, टोचतात. सहा मिलिमीटरच्या सुयांवर बसकर, पिशव्या, बुटातले तळवे विणा. गरम पाण्यात घालून आटवले की वर्षानुवर्षं टिकतात. बाळाच्या टोपीसाठी मेरिनोच घ्या.

घोंगडी विणकराकडूनच घ्यायची तर तयार मिळेल अशी आशा ठेवू नका. तो माप हातावर घेतो, तेव्हा त्याच्याच हातानं मोजून दाखवायला सांगा. रंग विचारला तर काळा, पांढरा आणि करडा एवढेच, मेंढीच्या अंगावरचे. निम्मे पैसे आगाऊ द्या, घासाघीस करू नका. कातणाऱ्या बाईला सुताचे किती मिळतात ते एकदा विचारा म्हणजे घासाघीस करावीशी वाटणारच नाही. मुदत विचारली की ‘ऊन पडलं की’ असं उत्तर येईल. ते टाळाटाळीचं नाही, खळीचं आहे. पार्सल त्यांना जमत नाही. तालुक्याच्या गावी एसटीच्या पार्सल खिडकीवर कुणीतरी नेऊन द्यावं लागतं, तेव्हा त्या माणसाच्या जाण्यायेण्याचे पैसे वेगळे ठेवा आणि घोंगडी पोचली की फोन करून कळवा. मावशी वाट बघते.