अर्धा शेर तांदळाची धनीण

माझी भाची यंदा दहावीला आहे, रविवारी सकाळी ती माझ्याकडे मराठीचे उतारे सोडवायला येते. गेल्या रविवारी मी तिला मुद्दाम पुस्तकाबाहेरचा उतारा दिला, गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मधला, म्हणजे १८५७ च्या उठावाच्या त्यांनी स्वतः लिहिलेल्या आठवणींतला. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी भटजींना राणी लक्ष्मीबाई भेटते, तो प्रसंग. तिला तहान लागलेली असते, भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढून घेते. आणि मग बोलताबोलता स्वतःबद्दल म्हणते, मी अर्धा शेर तांदळाची धनीण, मला हा उद्योग करायची काही जरूर नव्हती, पण धर्माचा अभिमान धरून यात पडले.

मी विचारलं, ‘अर्धा शेर तांदळाची धनीण’ म्हणजे काय गं? तिने वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारलेलीच होती. उत्तर लिहिलं, राणीकडे फक्त अर्धा शेर तांदूळ उरले होते म्हणून ती दुःखी होती.

पोरगी हुशार आहे हो. पण तिला शिकवलंय असं की प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, सापडला की त्याच्या आजूबाजूचं वाक्य उचलायचं आणि लिहायचं. चौकटी पूर्ण करा, आकृतिबंध, या सगळ्याला ते चालतं, मार्कही पडतात. मागे शाळेत तिने एकदा स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहिलं तर ‘उत्तर उताऱ्यातलेच लिहावे’ असा लाल शेरा आला आणि अर्धा मार्क गेला, तेव्हापासून ती उताऱ्याबाहेर पाऊलच टाकत नाही. मला याचं खरंच फार वाईट वाटतं.

मग आम्ही तेवढं एकच वाक्य घेऊन बसलो. म्हटलं अर्धा शेर तांदूळ म्हणजे एका माणसाचं दिवसाचं पोट. धनीण म्हणजे मालकीण. नवरा १८५३ मध्येच गेलाय, ही विधवा बाई, हिला स्वतःसाठी लागतं किती, तर तेवढंच. म्हणजे ती ‘माझ्याकडे काही उरलं नाही’ असं म्हणतच नाहीये, ‘मला स्वतःसाठी काही नको होतं’ असं म्हणतेय! शिवाय संस्थान खालसा केल्यावर इंग्रजांनी तिला महिना ५,००० रुपये पेन्शन देऊ केली होती, म्हणजे गप्प बसली असती तर आयुष्यभर आरामात राहिली असती. हे उताऱ्यात कुठेच लिहिलेलं नाही, पण हे माहीत असलं की तो अर्धा शेर एकदम वेगळा दिसायला लागतो. भाची दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग खोडरबर घेतलं.

त्याच वाक्यात मुळात राणी स्वतःला रांडमुंड म्हणते, ते वाचून तर ती दचकलीच, मावशी ही शिवी आहे ना? आज आहे, पण त्या काळात विधवेसाठी सर्रास वापरला जाणारा शब्द होता आणि इथे बाई तो स्वतःलाच लावतेय. जुन्या उताऱ्यात हे फार होतं, शब्द ओळखीचा दिसतो आणि तिथेच पाय घसरतो. शिवरायांचे अठरा कारखाने वाचून तिला धुराडी दिसली होती, प्रत्यक्षात कारखाना म्हणजे खातं, मुदपाकखाना म्हणजे स्वयंपाकघर सुद्धा त्यातच. ‘राजकारण’ म्हणजे तर जुन्या पत्रांत गुप्त मसलत, कट.

नंतर मी तिला अजून एक गोष्ट सांगितली. भटजी पेणजवळच्या वरसईचे, कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून उत्तरेत गेले आणि सत्तावनच्या धामधुमीत सापडले. लिहिलं मात्र पंचवीसएक वर्षांनी, आठवणीतून, आणि छापलं गेलं थेट १९०७ मध्ये. मग हे राणीचे शब्द की भटजींच्या आठवणीतले शब्द? ती म्हणाली म्हणजे खोटंय का सगळं? अजिबात नाही, वेढ्यात माणूस स्वतः झाशीत होता, लुटालूट त्याने डोळ्यांनी बघितली. पण कथा वाचताना आपण हा प्रश्न विचारत नाही, इतिहासाचा उतारा वाचताना विचारायचा, कोण सांगतंय, कधी सांगतंय, त्याला किती आठवत असेल. आणि तरी मला वाटतं तो अर्धा शेर भटजींच्या मनात पक्का राहिला असणार, कारण दक्षिणेवर जगणाऱ्या माणसाला शेराचा हिशोब कुणी समजावून सांगावा लागत नाही.

पानाखाली स्वमताला चार ओळी जागा होती. भाचीने पेन उचललं आणि मधेच थांबून विचारलं, मावशी, राज्य गेलं, जीव घशाशी आलाय, तरी ती भटजींना पाणी काढू देत नाही, म्हणजे धर्मासाठी यात पडले म्हणते ते तिने आधी विहिरीपाशी करूनच दाखवलं ना? हे लिहू का? उताऱ्यात असं लिहिलेलं नाहीये पण.

म्हटलं, लिही.