.३८ स्पेशलसाठी पावडर निवडताना

स्मिथ अँड वेसन कंपनीने १८९८ साली .३८ स्पेशल हे काडतूस काढले तेव्हा त्यात सुमारे २१ ग्रेन (ग्रेन हे वजनाचे लहान एकक) काळी दारू ठासून भरली जात असे, आणि त्या दारूला पुरेल एवढी लांब ठेवलेली पितळी केस (काडतुसाचे नळकांडे) सव्वाशे वर्षांनंतर आजही त्याच मापाची आहे. काळ्या दारूची जागा निर्धूर पावडरने घेतली. हिची ताकद वजनाच्या मानाने इतकी जास्त की, निशाण्याच्या साध्या सरावासाठी तीन ग्रेनच्या आसपास पावडर पुरते. म्हणजे केसच्या तळाशी चिमूटभर पावडर आणि वर बरीच मोकळी जागा. या काडतुसासाठी पावडर निवडताना ज्या अडचणी येतात, त्यांतील बहुतेक या रिकाम्या जागेतून येतात. तरीही नवा माणूस चौकशी सुरू करतो ती वेगापासून आणि किमतीपासून.

मी ओहायोमध्ये राहतो. कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा १९०७ पासून या राज्यात भरत आल्या आहेत, त्यामुळे एका हाताने पिस्तूल धरून २५ आणि ५० यार्डांवर नेम साधण्याचा जुना प्रकार इथल्या क्लबांमध्ये अजून टिकून आहे. मीही तोच प्रकार रिव्हॉल्व्हरने खेळतो आणि सरावाची काडतुसे घरी भरतो. स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने परवाना लागत नाही, विक्रीसाठी भरायची असल्यास लागतो. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे महाराष्ट्रातील वाचकांनी हा मजकूर माहिती म्हणूनच वाचावा. कोल्हापूरच्या राही सरनोबत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकल्या, त्यात .२२ रिमफायर काडतूस वापरतात. त्याचे स्फोटक मिश्रण केसच्या कडेतच असल्याने ते पुन्हा भरण्याचा प्रश्न उद्भवत नाही. पुढील सर्व विवेचन तळाच्या मध्यभागी प्रायमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी) असलेल्या काडतुसांपुरते आहे.

निर्धूर पावडरचे एक वैशिष्ट्य नीट समजले की निवडीचा अर्धा गुंता सुटतो. उघड्यावर पेटवली तर ती भराभर जळते, पण तिचा स्फोट होत नाही. बंदिस्त जागेत मात्र दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की दाब आणखी चढतो. कोणती पावडर हा चढ किती लवकर गाठते, यावरून तिला जलद किंवा मंद म्हणतात. त्या क्रमाने लावलेले तक्ते सर्वत्र मिळतात, परंतु तक्त्यात शेजारी असलेल्या दोन पावडरी एकमेकींच्या जागी वापरता येतात असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. तक्ता क्रम सांगतो, दोहोंमधले अंतर सांगत नाही.

मंद पावडरींचा विचार .३८ स्पेशलसाठी फारसा करावा लागत नाही. या काडतुसाची सामी या दारूगोळ्याची मानके ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेने ठरवलेली कमाल दाबमर्यादा १७,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, तर .३५७ मॅग्नम या जोरदार काडतुसाची ३५,०००. एच-११० सारखी मॅग्नमसाठी केलेली पावडर कमी दाबात नीट पेटतच नाही, म्हणून उत्पादकाने दिलेल्या मापापेक्षा ती फार कमी भरू नये असा इशारा जुन्या पुस्तिकांपासून दिला जात आहे. अर्धवट जळालेल्या पावडरचे पिवळसर कण सिलिंडरमधून केसेस बाहेर काढणाऱ्या तारकाकृती भागाखाली अडकतात आणि सिलिंडर जड फिरू लागतो. हा त्रास सौम्य म्हणायचा. गंभीर प्रकार म्हणजे गोळी नळीतच अडकणे. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तरी नेमबाजाने पुढचा बार काढला, तर नळी फुगते किंवा फाटते.

उरल्या जलद पावडरी. त्यांत मानाचे स्थान बुल्सआयचे. ती लॅफ्लिन अँड रँड या कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढली, पुढे ती ड्यूपाँटकडे गेली, ड्यूपाँटची मक्तेदारी न्यायालयाने मोडल्यावर हर्क्युलिसकडे आली आणि १९९५ पासून अलायंट या नावाने विकली जाते. मालक एवढे बदलले तरी १४८ ग्रेनची सपाट तोंडाची वॅडकटर गोळी आणि तिच्यामागे बुल्सआय ही जोडी अमेरिकन निशाणेबाजांच्या कित्येक पिढ्यांनी वापरली आहे. तिच्या अचूकतेबद्दल माझी काहीही तक्रार नाही. हॉजडनची टाइटग्रुप तिच्याहूनही घट्ट, म्हणजे तेवढ्याच वजनाला कमी जागा व्यापणारी. केसमध्ये ती पुढे सरकलेली असो की मागे, वेगात फारसा फरक पडू नये अशा बेताने ती बनवली आहे आणि तो दावा बऱ्यापैकी खरा आहे. मात्र ती तापट आहे, आणि रंगीत लेप दिलेल्या शिशाच्या गोळ्यांमागे तिचा धूरही जाणवतो. तिसरी विंचेस्टर २३१. हॉजडनची एचपी-३८ हीच पावडर दुसऱ्या डब्यात येते, दोन्ही फ्लोरिडातील सेंट मार्क्स येथे बनतात, त्यामुळे दोन्ही डब्यांची तुलना करण्यात वेळ घालवणाऱ्यांचे मला नवल वाटते.

आता रिकाम्या जागेकडे पुन्हा वळू. बुल्सआयचे निशाणेबाजीचे माप .३८ स्पेशलच्या केसचा पाचवा हिस्साही भरत नाही. एकदा भरलेल्या केसमध्ये चुकून दुसऱ्यांदा पावडर पडली तरी ती वरून ओसंडत नाही, गोळीही नेहमीसारखी बसते आणि तयार काडतूस बाहेरून इतर काडतुसांसारखेच दिसते. माप दुप्पट झाल्यावर दाब दुप्पट होऊन थांबत नाही, तो त्याहून कितीतरी वर जातो, आणि त्याला तोंड देण्याची ताकद सामान्य .३८ रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये नसते. अनुभवी माणसे म्हणतात की सावधपणे काम केले की असे होत नाही. ते खरे असले तरी सावधपणा माणसाच्या दिवसावर अवलंबून असतो. पावडरचे आकारमान कोणत्याही दिवशी तेवढेच असते. म्हणून माझ्या मते या काडतुसासाठी पहिली कसोटी ही असावी की दुप्पट माप पडले तर ते डोळ्यांना ताबडतोब दिसावे.

या कसोटीवर सर्वांत सरस पावडर होती ट्रेल बॉस. मधोमध भोक असलेल्या, वड्यासारख्या तिच्या कणांमुळे ती इतकी फुगीर असते की केस सहज भरल्यासारखी दिसते. काऊबॉय पद्धतीच्या नेमबाजीसाठी ती काढली होती, परंतु गेली काही वर्षे ती बाजारात मिळेनाशी झाली आहे. तिच्या खालोखाल मी रेड डॉट धरतो. मूळची ही छऱ्याच्या बंदुकीची पावडर. हर्क्युलिसने १९३० च्या दशकात ती काढली. चपट्या पाकळ्यांमध्ये काही लाल रंगाच्या पाकळ्या असतात, त्यामुळे डब्यातून ओतताना आपण काय ओततो आहोत हे दिसते. जलद असूनही ती फुगीर आहे. हिचेही दुप्पट माप केसबाहेर सांडत नाही, पण दिव्याखाली पन्नास केसेसची पाटी धरली की जास्त भरलेली एखादी केस लगेच वेगळी दिसते. बुल्सआयच्या बाबतीत तोच फरक ओळखायला डोळे बारीक करावे लागतात.

रेड डॉटमध्ये दोष नाहीत असे नाही. मोठ्या पाकळ्या पावडर-मेजरच्या (पावडर मोजून ओतणाऱ्या उपकरणाच्या) पोकळीत एकसारख्या बसत नाहीत, काही फिरत्या दट्ट्याखाली कापल्या जातात आणि मापात अल्पसा कमीजास्तपणा येतो. गोलसर कणांच्या २३१ चे मात्र वाळूसारखे सरसर माप पडते. हा कमीजास्तपणा निशाण्यावर किती दिसतो, याचा हिशेब मी मांडून पाहिला. सेकंदाला ७५० फूट वेगाने निघालेल्या गोळीला ५० यार्ड कापायला साधारण ०.२ सेकंद लागतात, तेवढ्या वेळात ती पावणेआठ इंच खाली येते, आणि वेग २० फुटांनी कमी झाला तर ती आणखी सुमारे ०.४ इंच खाली लागते. ५० यार्डांच्या निशाण्यावरील दहा गुणांचे वर्तुळ ३.३६ इंच व्यासाचे असते. २५ यार्डांवर हाच फरक ०.१ इंचावर येतो. एका हाताने रिव्हॉल्व्हर धरणाऱ्या माणसाच्या मनगटाचे थरथरणे याच्या कितीतरी पट असते, त्यामुळे क्रोनोग्राफवरील (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरील) आकडे जुळवण्यात गढून गेलेल्या मंडळींनी तो वेळ रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर ओढण्याच्या सरावात घालवावा, असे मी अनेकदा सुचवतो.

काटकसरीचा युक्तिवादही आकड्यांपुढे टिकत नाही. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. मोजणीपुरते २.७ ग्रेनचे माप धरले तर एका पौंडात सुमारे २,६०० काडतुसे होतात आणि ३ ग्रेनचे धरले तर २,३००. पौंडाची किंमत ४० डॉलर धरली तर प्रत्येक काडतुसामागे फरक पडतो तो एका सेंटच्या सुमारे सहाव्या भागाएवढा. प्रायमर आणि गोळी या दोन्ही गोष्टी पावडरपेक्षा कितीतरी महाग असतात. (वरचे आकडे केवळ हिशेबासाठी आहेत. माप घ्यायचे ते पावडरच्या उत्पादकाने त्या विशिष्ट गोळीसाठी छापलेल्या तक्त्यातून, आणि सुरुवात करायची ती तक्त्यातील किमान आकड्यापासून.)

९ मिमी पिस्तुलासाठी माझे उत्तर वेगळे आहे. ते काडतूस जन्मापासून निर्धूर पावडरसाठी आखलेले, केस आखूड, दाबमर्यादा ३५,००० पीएसआय. तिथे दुप्पट मापाने बहुधा केस भरून वाहते, पण गोळी जरा खोल दाबली गेली तरी उरलेली जागा झपाट्याने घटते आणि दाब चढतो. त्यामुळे तिथे फुगीरपणापेक्षा एकसारखे माप देणारी, दाबाची थोडी चढउतार सांभाळून घेणारी पावडर बरी. २३१ चालते, फिनलंडच्या व्हिहताव्होरीची एन-३२० स्पर्धकांची लाडकी आहे आणि तिची किंमतही तशीच आहे.

२०२० नंतरच्या टंचाईत दुकानांच्या फळ्याच्या फळ्या रिकाम्या झाल्या आणि लोक मिळेल तो डबा घरी आणून मग त्याचे तक्ते शोधू लागले. त्या काळात नावांच्या सारखेपणाचा धोका ठळक झाला: क्लेज, इंटरनॅशनल क्लेज आणि युनिव्हर्सल क्लेज या हॉजडनच्या तीन वेगवेगळ्या पावडरी होत्या, पुढे दोघींच्या नावांतून क्लेज हा शब्द गळला, पण जुने डबे आणि जुने तक्ते अजून लोकांच्या फळ्यांवर आहेत. माझ्या बाकावर एका वेळी एकच डबा असतो. काम संपल्यावर मेजरमधली पावडर त्याच डब्यात परत जाते, कारण रात्रभर राहिलेली बुल्सआय मेजरचे पारदर्शक प्लास्टिक कायमचे धुरकट करते, आणि सकाळी त्या नळीत कोणती पावडर आहे याची खात्री फक्त आठवणीवर ठेवावी लागते. आंबट वास येणारा किंवा आत तांबूस धूळ धरलेला डबा मी कोणत्याही किमतीत घेत नाही.