नर्मदा की बोरिंग?

घरी कुणीही आलं की चहा होईपर्यंत माझ्या माशांच्या टँकसमोर उभं राहतं आणि ठरलेला प्रश्न येतो: “काकू, आम्हालाही असा झाडांचा टँक लावायचाय. सुरुवातीला मासे कोणते आणू?” तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सविस्तर सांगते. पण आधी मला सांगा, तुमच्याकडे पाणी कुठलं, नर्मदा की बोरिंग?

इंदूरकराला यातला फरक समजवायला नको. नळाला येणारी नर्मदा, नदीकाठच्या जलूदहून 70 किलोमीटर, निमाडातून वर माळव्यावर चढवून आणलेली. आमच्याकडे ती एक दिवसाआड येते. बाकीची गरज बोरिंग भागवते. ते पाणी काळ्या खडकाच्या फटींतून झिरपतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन वर येतं. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर, साबणाला फेस नाही, तुरीची डाळ कितीही शिट्ट्या केल्या तरी दाताखाली येते, ही सगळी अशा जड पाण्याचीच लक्षणं. आरओवाल्याकडचा टीडीएस मीटर एकूण क्षार मोजतो, नेमका जडपणा नाही, पण सुरुवातीला तेवढा अंदाज पुरतो.

आता मासे. दुकानातल्या निळ्या दिव्याखाली निऑन टेट्रा बघून सगळ्यांचाच जीव भुलतो. पण तो मासा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाण्यातला. त्याला आमच्या बोरिंगमध्ये सोडणं मला पटत नाही. त्याच पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी मजेत राहतात, पिल्लंही देतात. जड पाणी त्यांना मानवतंच. नर्मदा बोरिंगच्या मानाने मऊ, त्यात तुम्हाला निवड थोडी जास्त. झेब्रा डॅनियो दोन्हीकडे चालतो. तो तर आपल्याच नद्या-ओढ्यांतला मासा, काटक आणि दिवसभर हुंदडणारा. गोल्डफिश मात्र आणू नका. तो झाडं कुरतडतो, उपटतो आणि घाणही फार करतो.

“मग आरओचंच पाणी भरू का?” असं लगेच विचारतात. नको. आरओ जवळजवळ सगळेच क्षार काढून टाकतो. मग पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, सांभाळायला काही उरत नाही, तो झपकन घसरू शकतो. नवशिक्याने पाण्याचा गुणधर्म बदलायच्या भानगडीत पडू नये, पाण्याला साजेसा मासा आणावा. आणि हो, आरओमधून बाजूला पडणारं पाणी वाया जातं म्हणून टँकमध्ये ओतू नका. गाळलेले सगळे क्षार त्यातच असतात.

झाडांचंही तसंच. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागतो असा दुकानदाराचा आग्रह असतो. मी सांगते त्या झाडांना तो लागत नाही. वॅलिसनेरिया आणि हायड्रिला जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेतात, म्हणून बोरिंगवर ती झरझर वाढतात. हायड्रिला तर तळ्या-कालव्यांत रानोमाळ सापडतं, पण तिथून उचलून आणलंत तर आधी नीट धुऊन, वेगळ्या बादलीत काही दिवस ठेवून गोगलगायी आणि किडे बघून घ्या. अनुबियास आणि जावा फर्न सावकाश वाढतात. त्यांचं आडवं खोड रेतीत पुरायचं नाही, पुरलं की सडतं. दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधायचं. क्रिप्टोकोरीन लावल्यावर त्याची पानं विरघळल्यासारखी गळतात आणि लोक घाबरून ते फेकून देतात. मूळ राहू द्या, नवी पानं येतात.

खाली काय घालायचं, यावर आमच्या माळव्यात सगळ्यांना काळी माती आठवते. ती अन्नद्रव्यं धरून ठेवते हे खरं, पण तिचे कण इतके बारीक की एक झाड उपटलंत तर टँकचा चहा होतो. झाडं सतत इकडची तिकडे लावायची सवय असेल तर मातीच्या वाटेला जाऊच नका, नुसती जाड रेती आणि मुळांशी खताची गोळी पुरे. माती घालायचीच तर चाळलेली, इंचभर, आणि तिच्यावर दीड इंच जाड रेती. शेणखत अजिबात नाही. रेतीवर लिंबू पिळून बघा. बुडबुडे आले तर त्यात चुनखडी आहे, ती पाणी आणखी जड करत राहील. शोभेच्या पांढऱ्या संगमरवरी खड्यांचंही तेच.

दोन फूट बाय एक बाय एकच्या टँकमध्ये साधारण 55 लिटर पाणी मावतं. काच आणि रेती धरून वजन 70 किलोच्या आसपास जातं, तेव्हा टीव्हीच्या तकलादू स्टँडवर नको, खिडकीशीही नको. दिवा रोज सहा-सात तास. त्याहून जास्त दिलात तर झाडांआधी शेवाळ माजतं. नर्मदेच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी दुकानात अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात, ते घालूनच पाणी वापरायचं.

आणि मग थांबायचं. इथेच सगळे कच खातात. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू रेतीवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात, त्याला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर झाडं असू द्यावीत, चिमूटभर खाणं टाकत राहावं, मासे नाहीत. बोरिंगवाल्यांनी तर जास्तच सबुरी ठेवावी, कारण पाणी जितकं अल्कलीधर्मी आणि कोमट, तितका तोच अमोनिया जास्त विषारी. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले की पाच-सहा मासे आणा, सगळे एकदम नकोत. पुढे स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाच्या क्लोरीनने ती वस्तीच मरते.

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार जातो आणि टँकमधलं पाणी भराभर उडतं. क्षार मात्र मागेच राहतात. वरून पुन्हा बोरिंग ओतत राहिलात तर पाणी जडच होत जाणार. म्हणून उडालेलं पाणी भरून काढायला, आणि तेवढ्याचसाठी, आरओचं शुद्ध पाणी घ्यावं. गरम पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. झाकण उघडून पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश तरी उतरतात. डिसेंबरच्या रात्री गप्पींना हीटर हवा, डॅनियो त्यावाचून निभावतात.

सुट्टीत पुण्याला जाताना शेजाऱ्यांना खाण्याची डबी देऊ नका. प्रेमाने ती दोन दिवसांत संपवतात. मोठे, धडधाकट मासे आठवडाभर उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही. त्याहून जास्त मुक्काम असेल तर एकेका वेळेची पुडी बांधून द्या, आणि डबी कपाटात ठेवून कपाटाची किल्ली सोबत न्या.