मलावीतली नातवंडं आणि रविवारचा कॉल

आज रविवार, कॉलचा दिवस. इंदूरला रात्रीचे 8 वाजतात तेव्हा आफ्रिकेतल्या मलावीत दुपारचे साडेचार. तिकडे उजेड असतो, नातवंडांचे चेहरे नीट दिसतात. हा फरक बारा महिने तोच, म्हणून वेळ एकदाच ठरवावी. मिशनरी म्हणून तिकडे गेलेली आपली मुलं खेड्यात असली की व्हिडिओ तुटतोच. मग मिनिटभराचा व्हॉइस मेसेज पाठवा. रेंज आली की पोचतो, व्हॉट्सअ‍ॅप तो 30 दिवस राखून ठेवतं. कॉलवर भजन एकत्र म्हणू नका. आवाज उशिरा पोचतो, पोरं गोंधळतात. एक ओळ आपण, पुढची त्यांनी. फार गोड वाटतं! गोष्टीच्या पुस्तकाच्या दोन प्रती घ्याव्यात, एक त्यांच्या बॅगेत. मग चित्र कॅमेऱ्यासमोर धरायला नको, पान नंबर सांगितला की झालं.