डॅन जॅन्सनची शेवटची ऑलिंपिक शर्यत

वेगवान स्केटिंगमध्ये मला सर्वांत जवळचा वाटतो तो अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातला डॅन जॅन्सन. १९८४ च्या सारायेव्हो ऑलिंपिकमध्ये ५०० मीटर शर्यतीत तो चौथा आला. १४ फेब्रुवारी १९८८ रोजी, कॅल्गरी येथे ५०० मीटरची शर्यत होती त्याच दिवशी सकाळी, रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेली त्याची बहीण जेन हिचे निधन झाले. तरीही तो बर्फावर उतरला आणि पहिल्याच वळणावर पडला. चार दिवसांनी १००० मीटरमध्ये आघाडीच्या वेगात असताना तो पुन्हा पडला. त्या दिवसांतले त्याचे मन कसे असेल, याची कल्पनाही मला करवत नाही.

१९९२ मध्येही पदक मिळाले नाही. वास्तविक ५०० मीटर अंतर ३६ सेकंदांच्या आत कापणारा तो जगातला पहिला स्केटर होता. पण १९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकमध्ये त्याच शर्यतीत त्याचा तोल गेला आणि तो आठवा आला. उरली ती १००० मीटरची शर्यत, जे अंतर त्याच्या हुकमी पल्ल्याचे मानले जात नव्हते. तीही किंचित घसरत, पण १ मिनिट १२.४३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह त्याने जिंकली आणि लिलेहामरजवळच्या हामार शहरातील बंदिस्त धावपट्टीवर आपल्या तान्ह्या मुलीला कुशीत घेऊन त्याने विजयफेरी मारली. तिचेही नाव जेन.